मनगटावरच्या आकड्याशी भांडण

ज्योतिषासमोर लोक तळहात पसरतात, माझ्यासमोर मनगट. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असो, लग्नाचं जेवण असो की शुक्रवारच्या सुटीतली मिसा संपल्यावर चर्चच्या आवारातल्या गप्पा असोत, कुणीतरी बाही वर सारतं आणि घड्याळ माझ्या नाकापुढे धरतं. काल झोपेत त्र्याण्णव दाखवलं, परवा एक्क्याण्णव, आता काय करायचं? मी घड्याळाआधी त्यांच्या ताटाकडे बघते. बिर्याणी दुसऱ्यांदा वाढून घेतलेली असेल, तर सध्यापुरतं भिण्याचं कारण नाही असं सांगते. माणसं हिरमुसतात. हजारो रुपयांचं घड्याळ एवढं बोलतंय आणि ही बाई बिर्याणीचं काय घेऊन बसलीये, असं त्यांच्या तोंडावर दिसतं.

मी मूळची वसईची. बहरीनच्या एका खाजगी हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून नोकरी करते. इतकी वर्षं झाली, तरी सगळे मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही हे सांगून सांगून थकले, आता कुणी सिस्टर म्हटलं की निमूट ओ देते. माझं काम श्वासाचं. व्हेंटिलेटर लावायचा, जमेल तेव्हा काढायचा, दम्याच्या पेशंटला औषधाची वाफ द्यायची, घोरणाऱ्यांच्या झोपेची तपासणी करायची, आणि रक्तात ऑक्सिजन किती पोचतोय यावर डोळा ठेवायचा. यातलं शेवटचं काम आता सगळ्या जगाला येतं. कानामागून आलं आणि तिखट झालं, अशी या घड्याळांची गत आहे.

मी या घड्याळांच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मुलीनं वाढदिवसाला दिलेलं एक माझ्याही हातात आहे. माझा राग आहे तो त्यातल्या आकड्यापुढे मान तुकवणाऱ्यांवर.

आकडा येतो कुठून, ते साध्या शब्दांत सांगते. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं आणि ऑक्सिजन कमी झालेलं काळपट. बोटाला चिमट्यासारखं लावतात ते यंत्र दोन प्रकारचे प्रकाश बोटातून आरपार पाठवतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला कुठला प्रकाश किती अडला, त्यावरून शंभरापैकी किती भाग रक्तानं ऑक्सिजन उचललाय याचा ते अंदाज बांधतं. धडधाकट माणसाचा आकडा साधारण पंच्याण्णवच्या वर असतो. घड्याळाचं काम जास्त अवघड. मनगटातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून ते कातडीत प्रकाश सोडतं आणि परत फिरून येईल तेवढ्यावर हिशेब करतं. पट्टा सैल असला, हात हलला, एसीत गारठला, की हिशेब चुकतो. बोटाच्या यंत्राला नेलपॉलिश आणि मेंदी चालत नाही. गडद कातडीवर तर दोन्ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, म्हणजे आजारी माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. माझ्या रंगाच्या बाईनं हे विसरून कसं चालेल?

जुफैरला एका हॉटेलात मॅनेजर असलेले आमच्याच वसईचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. घड्याळ रोज पहाटेच्या सुमाराला ऐंशीच्या घरात जायचं. या पठ्ठ्यानं ऑक्सिजन तयार करणारं मशीन आधीच विकत घेऊन पलंगाजवळ ठेवलं होतं आणि मृत्युपत्राचा विषयही घरात काढला होता. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला मी झोपण्याची पद्धत विचारली. ते घड्याळाचा हात उशीखाली दाबून, वर डोकं ठेवून झोपतात, असं ती म्हणाली. हॉस्पिटलात रीतसर यंत्रं लावून झोपेची तपासणी केली, तर सगळं व्यवस्थित. गृहस्थांना आनंद व्हायला हवा होता. ते नाराज झाले. मशीन परत घेतील का, एवढंच त्यांनी विचारलं.

हा झाला वाईट दाखवणारा खोटा आकडा. चांगला दाखवणारा खोटा आकडा त्याहून वाईट. इथे हिवाळ्यात बहरीनी कुटुंबं साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. चहा, शेगडीवर भाजलेलं मांस, गप्पा, मोठी मजा असते. एका सकाळी असाच एक तरुण वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. वडिलांना मळमळत होतं आणि डोकं ठणकत होतं. थंडी बाधली, असं पोराचं निदान. त्याचंही डोकं दुखत होतं, पण त्याला सीफच्या ऑफिसात मीटिंग होती. मनगट दाखवून तो मला म्हणाला, "सिस्टर, देखो, नाइंटी नाइन. मैं जाता."

त्याच्या जॅकेटला कोळशाचा वास येत होता. पेटती शेगडी त्यांनी ऊब राहावी म्हणून तंबूच्या आत घेतली होती आणि दार बंद केलं होतं. कोळसा बंद जागेत जळताना सुटणारा विषारी वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि त्यानं भरलेलं रक्तही लालच दिसतं. यंत्राला लाल दिसलं की ते खूश. बोटाला लावा नाहीतर मनगटाला, ते नव्व्याण्णवच म्हणणार. आमच्या डॉक्टर अमीना, छातीच्या डॉक्टर, स्वतः बहरीनी, यांनी त्याच्या घड्याळाकडे नजरही टाकली नाही. मी ऑक्सिजनचा मास्क घेऊन दारातच उभी राहिले. तो रागावला, मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले नाही. रक्ताची खरी तपासणी आली तेव्हा वडिलांपेक्षा त्याचीच अवस्था वाईट निघाली. मास्कमधून तो माझ्याकडे ज्या वरमलेल्या डोळ्यांनी बघत होता, ते मला आवडले, खोटं कशाला बोलू.

हे सगळं मी मुलीला घरी सांगत असते. ती ईसा टाउनच्या शाळेत शिकून मोठी झालेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. "ममा, इट्स जस्ट अ वॉच," म्हणते. अगं, तेच तर मी सगळ्यांना सांगतेय.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो राजरत्न. वाशीम जिल्ह्यातला, तिशी ओलांडलेला, उंच आणि इतका शिडशिडीत की कंपनीचा निळा डगला त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. इमारतींच्या गच्चीवरचे मोठे एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो टेक्निशियन होता. उन्हाळ्यात गच्चीवर काम करणाऱ्यांची तब्येत कळावी म्हणून कंपनीनं सगळ्यांच्या मनगटावर पट्टे बांधले होते. पट्ट्यावरची नाडी आणि ऑक्सिजन सेफ्टी ऑफिसरच्या मोबाइलवर दिसायचा. कल्पना चांगली होती. पण राजरत्नच्या नावापुढे सारखा लाल दिवा. कधी चौऱ्याऐंशी, कधी अठ्ठ्याऐंशी, कधी आकडाच नाही. कंपनीच्या नियमाप्रमाणे असा माणूस गच्चीवर चढायला अनफिट, आणि गच्चीवर न चढणारा एसी टेक्निशियन कंपनीला नको. म्हणजे व्हिसा रद्द आणि घरी परत. सेफ्टी ऑफिसर जोसेफ, केरळचा, मनानं चांगला पण मोबाइलला चिकटलेला, त्याला घेऊन आमच्याकडे आला. अनफिट असा शेरा मिळाला की जोसेफचं काम झालं.

मी राजरत्नला बाह्या वर करायला सांगितलं. डाव्या मनगटावर ठसठशीत निळ्या शाईत गोंदलेलं: जय भीम. नागपूरला दसऱ्याच्या गर्दीत गोंदून घेतलं होतं. उजव्या मनगटावर मुलीचं नाव, प्रज्ञा. ते बहरीनला निघायच्या आठवड्यात. बरोबर त्या शाईवर पट्टा बसायचा. शाई प्रकाश गिळते, परत काय येणार? हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात ना. मी बोटाला यंत्र लावलं, अठ्ठ्याण्णव. जिने चढायला लावले, तरी सत्त्याण्णव. डॉक्टर अमीनांनी धमनीतलं रक्तही तपासून घेतलं, उत्तम. त्यांनी फिट लिहून दिलं.

वाटलं, संपलं. पण कंपनीकडून निरोप आला की नियमात मनगट म्हटलंय आणि मनगट लालच येतंय. तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन समजावून सांगा. आमच्या ऑफिसातल्या एकानं मला हळूच सुचवलं की या कंपनीची सगळी माणसं आपल्याकडेच तपासायला येतात, जास्त ताणू नका. मी ताणणार होतेच, हे ऐकल्यावर जरा जास्तच ताणायचं ठरवलं.

सनाबिसला त्यांच्या ऑफिसबाहेर राजरत्न माझी वाट बघत उभा होता. त्याला आदल्या दिवशी एचआर मॅनेजर बाईनं सांगितलं होतं की जुफैरला लेझरनं गोंदण काढणारे आहेत, निदान एक मनगट साफ करून घे, नोकरी वाचेल. मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो खाली बघत नव्हता, सरळ माझ्याकडे बघत होता.

"ताई, याच्यापायी नोकरी जात असन तं जाऊ द्या," तो म्हणाला. "गावात हे नाव घिऊन ताठ चालाले शिकलो मी. इथं काहून झाकू?"

मी कॅथलिक, माझ्या गळ्यात क्रूस. तो काढून ठेवायला मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. याला मात्र एका पट्ट्यासाठी कातडी जाळून घ्यायला सांगत होते, आणि तेही सल्ला म्हणून, गोड आवाजात. मला त्या बाईचा संताप आला, आणि तो घेऊनच मी आत गेले.

आत तिला आणि जोसेफला मी प्रकाश, शाई, धमनी सगळं समजावलं. एचआर मॅनेजर ऐकत होती आणि म्हणत होती की पट्टा महागाचा आहे, बाकी सगळ्यांचं बरोबर दाखवतो. शेवटी मी डबा काढला. त्यात सुकटाची चटणी घालून गुंडाळलेला खबूस, म्हणजे इथली जाडसर रोटी, होता. मी जोसेफच्या हातातला पट्टा मागितला आणि त्या गुंडाळीवर घट्ट बांधला. पट्ट्यानं बराच विचार केला आणि शहाण्णव दाखवलं. खबूस फिट निघाला. जोसेफ हसायला लागला, मग ती बाईही हसली, आणि हसल्यावर माणसाला नियम जरा सैल करता येतो. ठरलं असं की राजरत्नच्या नावापुढे टॅटू अशी खूण करायची, त्याच्या लाल दिव्याकडे लक्ष द्यायचं नाही, आणि रोज सकाळी जोसेफनं बोटाच्या यंत्रानं त्याला तपासायचं. मी चटणीसकट विजयी होऊन परतले.

बोटाचं यंत्र काही आठवडे चाललं. मग त्याची बॅटरी गेली, की ते दुसऱ्या साइटवर गेलं, कुणी सांगू शकलं नाही. खूण तेवढी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी इमर्जन्सीतून मला फोन आला की एक पेशंट तुझंच नाव घेतोय. जाऊन बघते तर राजरत्न खाटेवर बसलेला, पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. एका दमात तीन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी त्यानं सांगितलं ते असं. सकाळी साइटवर सामान उचलताना छातीत डाव्या बाजूला कळ आली आणि श्वास पुरेना. त्यानं फोरमनला सांगितलं. फोरमननं त्याचा पट्टा बघितला, लाल होता. आणि त्यामुळेच तो हसला. तुझं तर नेहमीच लाल असतं, टॅटू आहे ना, चल, यल्ला, वर चढ. राजरत्ननं शिडीवर पाय ठेवायला नकार दिला. फोरमननं आवाज चढवला. बाकीचे बघत होते. हा पाठ फिरवून फाटकाबाहेर पडला, टॅक्सी थांबवली आणि आमच्याकडे आला.

मी बोटाला यंत्र लावलं. एकोणनव्वद. छातीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे श्वासाचा आवाज स्वच्छ आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही. एक्स-रेमध्ये दिसलं ते डॉक्टर अमीनांनी आधीच ओळखलं होतं. फुप्फुसाला बारीक भोक पडून हवा बाहेर छातीत साठली होती आणि त्या दाबानं फुप्फुस चिमून गेलं होतं. उंच, सडपातळ तरुणांना हे कधीकधी काही कारण नसताना होतं. या अवस्थेत तो शिडी चढला असता, तर वर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं आणि छातीतली हवा बुडबुडे काढत बाहेर पडू लागली. काही वेळानं राजरत्न मागे टेकला. त्याच्या कपाळावरची शीर खाली बसली. आकडा चढू लागला, त्र्याण्णव, पंच्याण्णव, पण मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्यानं बोलवेना म्हणून मी घेतला. जोसेफ होता. परवानगीशिवाय साइट सोडली, हे फार गंभीर आहे, फोरमननं तक्रार केलीय, आता एचआर तो पळाला अशी नोंद करणार. मी म्हटलं, पेशंटच्या छातीत नळी आहे. मग तो म्हणाला, "लेकिन सिस्टर, सिस्टम में तो टॅटू लिखा है. हम लोग को कैसे मालूम पडेगा?"

मी त्याला जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सारांश असा की मी एका आकड्याला खोटं म्हटलं होतं, तुम्ही माणसालाच खोटं ठरवलंत. इतक्या वर्षांत मी पेशंटच्या खाटेशेजारी उभी राहून आवाज चढवला तो त्या एकाच दिवशी. सगळा वॉर्ड बघत होता. मला जराही वाईट वाटलं नाही.

पण नुसत्या आवाजानं नोकरी वाचत नाही. इथे पळाला असा शिक्का बसलेल्या माणसाला दुसरं काम मिळणं मुश्कील, आणि राजरत्नच्या पगारावर वाशीमचं घर चालतं. डॉक्टर अमीनांनी स्वतः एचआरला फोन लावला. त्या हळू आवाजात बोलतात आणि त्यांचं हळू बोलणं माझ्या ओरडण्यापेक्षा जड असतं. हा माणूस साइट सोडून आला म्हणून जिवंत आहे, मी तसं लिहून देते, आणि त्याला वर चढायला कुणी सांगितलं तेही लिहिते, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत तक्रार मागे घेतल्याचा निरोप आला. रजाही मंजूर. माफीचा शब्द मात्र त्यात नव्हता, आणि मी त्याची वाटही बघत नव्हते. कंपन्यांना माफी मागताना मी आजवर पाहिलेलं नाही.

दोन दिवसांनी जोसेफ वॉर्डात आला. हातात सफरचंदांची पिशवी आणि एक नवा पट्टा. हा दंडावर बांधायचा होता. दंडावर शाई नाही, म्हणजे यापुढे गोंधळ नको, असं तो मला समजावत होता. चांगल्या मनानंच आणला होता त्यानं. मी राजरत्नची नळी तपासत होते.

जोसेफनं पट्टा पुढे केला. राजरत्ननं तो घेतला नाही. उशीवर सावरून बसला, नळीला धक्का लागू नये म्हणून डावा हात पोटाशी धरून.

"बांध दो, मेरे को कुछ नहीं," तो म्हणाला. "लेकिन सांस मेरी है, साब. पहले मेरे को पूछने का."

जोसेफनं पट्टा खिशात टाकला, खुर्ची ओढून खाटेजवळ बसला, मोबाइल पालथा ठेवला आणि विचारलं, "कैसा लग रहा है, भाई?"

राजरत्ननं त्याला सांगायला सुरुवात केली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आता त्याला दम पुरत होता.